गळक्या नळाचा हिशेब

गेल्या वैशाखांत आमच्या हातून ४,२०० रुपयांचा एक अन्याय घडला. रक्कम फार मोठी नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबास ती जड जाते, पण बुडवीत नाहीं. तरीपण तिच्यामुळें एक चांगलें माणूस आमच्या घरापासून दुरावलें, आणि तें पूर्वींसारखें परत येईल असें आतां वाटत नाहीं. या सदरांत आम्ही दरमहा घरसंसाराच्या लहानमोठ्या प्रश्नांविषयीं वाचकांशीं बोलत आलों आहों. तेव्हां स्वतःची चूक झाली असतां तेवढीच झांकून ठेवावी, हें आम्हांस बरें दिसत नाहीं. शिवाय आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं वरच्या मजल्यावरील दोन खोल्या भाड्यानें दिलेल्या असतील, आणि कित्येकांचीं मुलेंबाळें पुण्यामुंबईस परक्यांच्या जागेंत अकरा अकरा महिन्यांच्या करारानें राहत असतील. आज जो घरमालक, तोच उद्यां मुलाच्या रूपानें भाडेकरूही होतो. दोन्ही नात्यांनीं हा विषय आपल्या घरचाच आहे.

आमचें घर सोलापुरास भवानी पेठेंत आहे. आसपास यंत्रमागांचा खटखटाट चालू असतो. त्याची आम्हांस इतकी संवय झाली आहे कीं, तो थांबला म्हणजेच झोपमोड व्हावी. एकरुख म्हणजे हिप्परग्याच्या तलावाचें पाणी शुद्ध करण्याचें केंद्र आमच्याच पेठेंत. त्याखेरीज उजनी धरणाचें व भीमेवरील टाकळीचें पाणीही शहरास मिळत आलें आहे. असें असूनही सोलापूरच्या गृहिणींनीं गेलीं कित्येक वर्षें पाण्याचे दिवस मोजूनच संसार केला. तीन, चार, कधीं पांच दिवसांनीं पाळी यावी, आणि तीही पुष्कळदां अवेळीं. ‘पाणी सुटलें’ अशी हांक गल्लींतून आली कीं सारें घर जागें होतें. आधीं अंगणांतला हौद भरावयाचा, मग मोटर लावून गच्चीवरची टांकी भरावयाची, पिण्याचें पाणी वेगळें गाळून ठेवावयाचें. आमच्या घरीं मोटर लागते ती बहुधा त्याच दिवशीं. एरव्हीं टांकीवर भागतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण आमच्या सगळ्या चुकीचें मूळ तींत आहे.

वरच्या दोन खोल्या आम्हीं एका शिक्षिकाबाईंस अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसेन्स’ करारानें दिल्या होत्या. त्या आणि त्यांच्या वृद्ध मातुःश्री, अशीं दोनच माणसें. अनामत पंधरा हजार रुपये. आमच्या आत्याबाई सहसा कोणाचें कौतुक करीत नाहींत. पण त्याही एकदां म्हणाल्या कीं, माहेरीं लेक राहावयास आल्यासारखें वाटतें. बाई आम्हांस ‘काका’ म्हणत. चैत्रांतल्या हळदीकुंकवास आंब्याची डाळ आणि पन्हें वांटावयास त्याच पदर खोंचून उभ्या राहिल्या होत्या.

माघ महिन्यांत मात्र त्यांच्या हातून एक चूक झाली होती. टांकी रिकामी असतां मोरीचा नळ उघडा राहिला, आणि रात्रीं टांकी भरतांच पाणी वाहून जिन्यावर आलें. घाईघाईनें नळ आवळतांना त्याचें वायसरही तुटलें. सकाळीं त्यांनीं आपण होऊन कबुली दिली आणि सगळा जिना पुसून काढला. वायसर आम्हीं साठ रुपयांत बसवून घेतलें आणि ‘असूं द्या’ असें म्हटलें. पण मनांत त्याची नोंद ठेवली. तोंडानें माफ केलेली आणि मनांत जपून ठेवलेली अशी नोंद किती घातक असते, तें पुढें दिसून आलें.

वैशाखांत करार संपण्यास दोन आठवडे उरले होते. एका पाण्याच्या रात्रीनंतर आमच्या मधल्या खोलीच्या छतावर ओलीचा मोठा डाग उमटला, आणि त्याखालीं ठेवलेली आत्याबाईंची ट्रंक भिजली. ट्रंकेंत दोन जुन्या सोलापुरी चादरी व त्यांच्या कैलासवासी यजमानांचीं पत्रें होतीं. चादरी वाळल्या, पत्रांची शाई मात्र पसरली ती पसरलीच. डाग बरोबर वरच्या मोरीखालीं होता. आम्हांस दुसऱ्या पुराव्याची गरज वाटली नाहीं. नळवाल्यास बोलावून आम्हींच ती मोरी दाखविली. त्या बिचाऱ्यानें दाखविलेली जागा दुरुस्त केली, नळ बदलला, फरशीच्या फटी बुजविल्या. गवंड्यानें छताचा गिलावा केला. सगळा मिळून खर्च ४,२०० रुपये. तो अनामतींतून कापून उरलेले १०,८०० रुपये आम्हीं बाईंच्या हातीं ठेवले.

त्या एवढेंच म्हणाल्या, “काका, त्या रात्रीं नळ बंद होता. झोपण्यापूर्वीं मीं स्वतः पाहिला होता.”

आम्ही गप्प राहिलों. त्यांनीं पावतीवर सही केली, मातुःश्रींचा हात धरला आणि जिना उतरून त्या निघून गेल्या.

आठवड्याभरानें पुन्हां पाण्याची पाळी आली. वरच्या खोल्या रिकाम्या, दारास कुलूप, झाडून सगळे नळ बंद. आम्हीं मोटर लावली, आणि तासाभरांत तोच डाग त्याच जागीं पुन्हां ओला झाला. दुसऱ्या दिवशीं भिंत फोडून पाहिली. हौदांतून गच्चीकडे जाणारी लोखंडी नळी मोरीच्या भिंतींत वांकणापाशीं गंजून चाळणीसारखी झाली होती. ही नळी आम्हींच सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं वरचा मजला बांधतांना घातलेली. अशा नळीवर जस्ताचा मुलामा असतो. तो झिजला कीं गंज चढूं लागतो. आणि नळी कधीं भरलेली, कधीं कोरडी अशी राहिली म्हणजे आंतील ओलाव्यास हवा मिळून गंज अधिकच वाढतो. मोटर चालू असेपर्यंत ती पाझरे, मोटर बंद होतांच थांबे. म्हणून गळती दिसे ती फक्त पाण्याच्या दिवशीं. बाईंचा नळ निर्दोष होता. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा आमचा प्रकार झाला होता.

आत्याबाई पत्रांचा गठ्ठा बांधीत बसल्या होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, “चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत.”

दुसऱ्या दिवशीं आम्ही बाईंच्या नव्या बिऱ्हाडीं गेलों. पैसे पुढें ठेवले आणि झालेला प्रकार कांहीं न लपवितां सांगितला. त्यांनीं नोटा मोजल्या, पर्समधून साठ रुपये काढले आणि ते आमच्यापुढें सरकविले. “माघांतलें वायसर माझ्या हातून तुटलें होतें. तेवढें माझें देणें राहिलें होतें,” त्या म्हणाल्या. मातुःश्रींनीं चहा केला. निघतांना बाईंनीं वांकून नमस्कार केला. पण ‘काका’ म्हटलें नाहीं. “आपण आलांत, बरें वाटलें,” एवढेंच बोलल्या. अकरा महिने ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मुलीच्या तोंडून एकाएकीं ‘आपण’ हा शब्द ऐकल्यावर परतीच्या वाटेनें आमच्या मनाची काय स्थिति झाली असेल, ती वाचकांनींच ओळखावी.

घरीं येऊन आम्हीं करार काढून वाचला. पांच पृष्ठांच्या त्या कागदांत दुरुस्तीविषयीं एकच ओळ होती: किरकोळ दुरुस्ती राहणारानें करावी, मोठी मालकानें करावी. किरकोळ म्हणजे किती रुपयांची? भिंतींतली नळी किरकोळ कीं मोठी? बिघाड कोणाच्या हातून झाला हें ठरवावयाचें कोणीं? याविषयीं कागद मुका. तेव्हां कायदा काय म्हणतो तें पाहणें ओघानेंच आलें. आणि जें आढळलें तें वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

अकरा महिन्यांच्या करारासंबंधीं आपल्याकडे एक गैरसमज फार रूढ आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणें वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून अकराच महिन्यांचा कागद केला कीं नोंदणी टळते, अशी ही समजूत. महाराष्ट्रापुरती ती खरी नाहीं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसेन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे; आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसें केलें नसेल, तर अटींविषयीं वाद निघाल्यास उलट सिद्ध होईपर्यंत राहणाराचें म्हणणें खरें धरलें जातें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. साध्या मुद्रांकावर दोन सह्या करून कागद कपाटांत ठेवणारे आमच्या परिचयाचे कित्येक सज्जन आहेत. त्यांनीं हें कलम एकदां वाचावें.

त्याच अधिनियमाच्या १४ व्या कलमांत दुरुस्तीचा विचार केला आहे. भाडेकरूनें निराळा करार केला नसेल, तर घर राहण्याजोग्या स्थितींत ठेवणें मालकास बंधनकारक आहे. भाडेकरूनें लेखी सूचना दिल्यावर पंधरा दिवसांत मालकानें दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकरूनें ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र एका वर्षांतील अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होतां कामा नये. म्हणजे महिन्याचें भाडें ८,००० रुपये असेल, तर वर्षाचे ९६,००० रुपये होतात, आणि वजावटीची मर्यादा २४,००० रुपयांवर थांबते. याच कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणें भाडेकरूचें पाणी, वीज, संडासाची सोय यांसारख्या आवश्यक गोष्टी मालकानें सबळ कारणावांचून तोडणें हा गुन्हा आहे. भांडण झालें कीं वरच्या टांकीची चावी बंद करून ठेवणाऱ्यांनीं हेंही लक्षांत घ्यावें.

पण येथें एक मेख आहे. हीं कलमें भाडेकरूविषयीं बोलतात. अकरा महिन्यांच्या लायसेन्सवर राहणारा मनुष्य कायद्याच्या भाषेंत भाडेकरू नव्हे. तो परवानगीनें राहणारा. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमांत ‘लायसेन्स’ची व्याख्या दिली आहे, तींप्रमाणें अशा मनुष्यास जागा वापरण्याची मुभा मिळते, जागेंत हितसंबंध मिळत नाहीं. म्हणून चौदाव्या कलमाचें हत्यार त्याच्या हातीं निर्विवादपणें येत नाहीं. त्याचें रक्षण काय तें करारांतले शब्दच करणार. आणि तेथें जर एकच संदिग्ध ओळ असेल, तर तो उघड्यावर पडला म्हणून समजावें. त्यांतून अनामत मालकाच्या हातीं. म्हणजे फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि वसुली करणाराही तोच. आमच्या घरीं नेमकें हेंच झालें. आम्हीं कांहीं लबाडी केली नव्हती; पण स्वतःच्याच बाजूचा निकाल स्वतःच दिला होता.

न्यायाचें मूळ तत्त्व मात्र जुनें आणि सरळ आहे. १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण अधिनियमांत भाडेपट्ट्याविषयीं असें सांगितलें आहे कीं, जागा घेतांना जशी होती तशी ती राखावी व परत करावी. पण योग्य वापरानें होणारी झीज आणि मनुष्याच्या आटोक्याबाहेरील संकट यांतून वगळावें. भाडेकरूच्या किंवा त्याच्या माणसांच्या दोषानें बिघाड झाला असेल, तर तो त्यानें भरून द्यावा. म्हणजे प्रश्न ‘कोणाच्या मुदतींत बिघडलें’ हा नसून ‘कशामुळें बिघडलें’ हा आहे. पस्तीस वर्षें झिजलेली नळी बाईंच्या अकराव्या महिन्यांत फुटली, एवढ्यानें ती त्यांची होत नाहीं.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें आदर्श भाडे अधिनियमाचा नमुना राज्यांपुढें ठेवला. राज्यानें त्यावरून आपला कायदा केला तरच तो तेथें बंधनकारक होतो. पण वांटणी कशी करावी याचा धडा म्हणून तो वाचनीय आहे. त्यांत नळ्या बदलणें, विजेच्या मुख्य तारा, भिंती व रंग हीं कामें मालकाकडे दिलीं आहेत. तोटी आणि वायसर बदलणें, गटार साफ करणें, हात धुण्याचें भांडें, संडास व गीझर यांची दुरुस्ती हीं भाडेकरूकडे. राहत्या घराच्या अनामतीस त्यांत दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे. ही यादी करारास जोडली तरी निम्मे वाद मिटतील. पण आमच्या मतें ती थोडके महिने राहणारावर कांहींशी जड पडते. दहा वर्षें क्षारांचा थर चढलेला गीझर सहाव्या महिन्यांत बंद पडला, तर त्याचा सगळा भार त्या सहा महिन्यांच्या पाहुण्यावर कां?

विलायतेंत याचा विचार निराळ्या रीतीनें केला आहे. तेथील १९८५ च्या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें सात वर्षांहून कमी मुदतीच्या राहत्या घराच्या भाडेपट्ट्यांत पाणी, वीज व गॅस यांच्या जोडण्या, मोरी, न्हाणीचें व हात धुण्याचें भांडें, संडास आणि पाणी तापविण्याची व्यवस्था हीं सगळीं नीट ठेवणें मालकाकडे आहे. राहणारानें वापर सभ्यपणें करावा एवढेंच त्याचें काम. आमचा एक पुतण्या जर्मनींत असतो. त्यानें कळविलें कीं, तेथें किरकोळ दुरुस्ती भाडेकरूवर टाकणारी अट करारांत घालतां येते. पण न्यायालयांनीं तिला कुंपण घातलें आहे. ज्या वस्तूंस राहणाराचा हात नित्य लागतो, जसे नळ, खटके, कड्या, त्यांच्यापुरतीच ती अट चालते. शिवाय एका दुरुस्तीस व वर्षाच्या एकूण खर्चास किती मर्यादा, ती रक्कम लिहिलेली असली पाहिजे. भिंतींतली नळी तींत कधींच येत नाहीं.

या सगळ्यांतून आम्हांस एक नियम सुचतो: मुक्काम जितका लहान, तितका मालकाचा वांटा मोठा. दहा वर्षें राहणारानें तोटी झिजविली असें म्हणतां येईल. अकरा महिने राहणारानें ती फार तर शेवटची फिरविली. आणि जो दोनच दिवस राहतो त्याचें काय बोलावें? जानेवारींत सिद्धेश्वराची यात्रा भरते. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर येथें जाणारे यात्रेकरू बारमाही सोलापुरास उतरतात. अशा मंडळींस खोली देणारानें तुंबलेल्या मोरीचे पैसे त्यांच्याकडे मागूं नयेत. त्यांनीं जाणूनबुजून मोडतोड केली असेल तरच गोष्ट निराळी. नळाची झीज ही खोलीच्या दरांतच धरलेली असावी.

याचा अर्थ राहणारावर कांहींच जबाबदारी नाहीं असा मात्र नव्हे. चहाचा चोथा, भाताचीं शितें, खरकटें तेल आणि केंस मोरींत सोडून ती तुंबविणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. ती मोरी त्यांनींच साफ करून घ्यावी. त्याहून मोठा दोष मौनाचा. नळ ठिबकूं लागला, भिंतीस ओल दिसूं लागली, तरी ‘आपलें काय जातें, दोन महिन्यांनीं जावयाचेंच आहे’ असें म्हणून जो गप्प राहतो, त्याच्या मौनानें वाढलेलें नुकसान त्याच्याच माथीं बसणें योग्य. वाचकांनीं हिशेब करून पाहावा. वीस थेंबांचें एक मिलिलिटर धरलें, तर सेकंदास एक थेंब या मानानें दिवसाचे सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी वाहून जातें. पांच दिवसांनीं पाणी येत असेल तर दोन पाळ्यांमध्यें एकवीस लिटर. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीची भरलेली बादली.

आतां व्यवहाराचें सांगतों. आमच्या अनुभवानें या वादाचा निकाल शेवटच्या दिवशीं लावूं पाहणें हीच चूक आहे. तो पहिल्या दिवशीं लावावा. किल्ली देण्यापूर्वीं दोन्ही पक्षांनीं मिळून घर पाहावें, आणि आमच्यासारख्या गांवीं तें पाण्याच्याच दिवशीं, मोटर चालू असतांना पाहावें. कारण नळ्यांचें खरें स्वरूप तेव्हांच उघडें पडतें. प्रत्येक तोटी उघडून बंद करावी. मोरींत एक बादली पाणी एकदम ओतून तें किती वेळांत जातें तें पाहावें. संडासाच्या टांकींत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकून, पाणी न सोडतां, पाव तास थांबावें. खालच्या भांड्यांत निळा रंग उतरला तर आंतील झडप गळते असें समजावें. छतें, भिंती आणि गीझर यांचीं मोबाइलवर छायाचित्रें घ्यावीं. नळ्या व गीझर केव्हां बसविलीं तें साल लिहावें. ही यादी दोघांच्या सह्यांनीं करारास जोडावी. अर्धा तास लागतो, आणि त्यानें अकरा महिन्यांचा संशय वांचतो.

दुसरें असें कीं, पाण्याची मुख्य चावी कोठें आहे ती राहणारास हातानें फिरवून दाखवावी. रात्रीं दोन वाजतां नळी फुटली असतां तिचा शोध सुरू होऊं नये. तिसरें, ‘किरकोळ’ या शब्दापुढें रुपयांचा आंकडा घालावा. उदाहरणार्थ, तोटी, वायसर, साखळी यांसारख्या हाताळण्याच्या वस्तूंची एका वेळीं पांचशें रुपयांपर्यंतची दुरुस्ती राहणाराची. त्यावरील सगळी, आणि भिंतीच्या व फरशीच्या आंतली रक्कम न पाहतां, मालकाची. पहिल्या पंधरा दिवसांत तुंबलेली मोरी मालकाचीच धरावी, कारण तो आधींचा गाळ असण्याचाच संभव अधिक. चौथें, तातडीच्या वेळीं मालक भेटला नाहीं तर राहणारानें किती खर्चापर्यंत काम करून घ्यावें तेंही लिहावें. आणि त्यानें पावती व काढलेला जुना भाग, दोन्ही पिशवींत घालून ठेवावीं. गंजलेला तुकडा दहा साक्षीदारांचें काम करतो.

शेवटचें अनामतीविषयीं. पावती आणि कारण, या दोन्ही गोष्टी दाखवितां येत नसतील तर एक रुपयाही कापूं नये. कारणाविषयीं मतभेद असेल, तर दोघांस मान्य अशा तिसऱ्या कारागिरास जागा दाखवावी. पण त्यास ‘ही मोरी पाहा’ असें आम्हीं सांगितलें तसें सांगूं नये, ‘पाणी कोठून येतें तें शोधा’ असें सांगावें. एवढा शब्द आम्हीं बदलला असता, तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.

श्रावणापासून वरच्या खोल्यांत दोन विद्यार्थी राहावयास आले आहेत. करार रीतसर नोंदविला. पहिल्याच पाण्याच्या रात्रीं आम्हीं मोटर लावली, तीं मुलें विजेरी घेऊन भिंती पाहत हिंडलीं, आणि आत्याबाई खुर्चीवर बसून यादींतलें एकेक कलम मोठ्यानें वाचीत होत्या. नवी नळी आतां भिंतीबाहेरून नेली आहे. दिसावयास ती बरी दिसत नाहीं. पण गळली तर सर्वांस दिसेल.

बाईंनीं परत केलेले साठ रुपये आम्हीं खर्च केले नाहींत. जुन्या कराराच्या पहिल्या पानास ते टांचून ठेवले आहेत. येत्या चैत्रांत आमच्या घरांतील मंडळी हळदीकुंकवाचें बोलावणें घेऊन त्यांच्याकडे जाणार आहेत. आत्याबाईंचें म्हणणें, आम्हींही बरोबर जावें, पण बाहेरच थांबावें. त्या येतील कीं नाहीं हें आज सांगवत नाहीं. डाळ मात्र त्यांच्या वांट्याचीही भिजत घालावयाची, असें घरांत ठरलें आहे.